आधी पाठीवर घ्या, मग विकत घ्या

मिरी हे बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यातलं तेलाचं गाव. १९१० साली इथे पहिली विहीर लागली आणि तेव्हापासून जगभरची माणसं नोकरीसाठी येत राहिली. त्यांत मराठी घरंही आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे माझी उमेदीची वर्षं या गावात गेली. मुलं शाळेत गेली की हाताशी वेळ असायचा, आणि बाजारात गेलं की समोर वेताच्या टोपल्या असायच्या. पाहता पाहता त्यांचा नाद लागला. केन्या, कायान, पेनान, केलाबित, बिदायुह, इबान या तिथल्या लोकांच्या टोपल्या, पिशव्या, चटया बघत गेले. विणणाऱ्यांच्या शेजारी बसून थोडंफार शिकले, थोडंफार विणलंही. आता पुण्यात परत आल्यावर तिकडे सहलीला निघालेली ओळखीची मंडळी विचारतात, काय आणू, खरी टोपली कशी ओळखू, किती द्यायचे? फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं. म्हणून जे हाताला कळलं ते इथे लिहून ठेवते.

१. टोपली पाठीवर घेतल्याशिवाय कळत नाही

दुकानात शिरलेला पाहुणा आधी नक्षी बघतो. विणणारी बाई बघते ती तळ आणि पट्टे. केन्या, कायान आणि पेनान लोकांची आंजात नावाची पिशवी असते. उभट, गोल, तळाशी किंचित फुगीर. तोंडाशी दोरी ओवलेली, ती ओढली की तोंड मिटतं. मागे खांद्यांसाठी दोन पट्टे, तेही वेताचेच विणलेले. मला शिकवणाऱ्या केन्या आजींनी नक्षीबद्दल एक शब्द बोलायच्या आधी एका आंजातमध्ये तांदळाची पिशवी ठेवली, ती माझ्या पाठीवर चढवली आणि मला लाँगहाऊसच्या, म्हणजे पुष्कळ कुटुंबांच्या सामायिक लांब घराच्या, लांबलचक ओसरीतून चालायला लावलं. जा, शेवटच्या दारापर्यंत जाऊन ये.

चालताना कळलं की भार वरच, खांद्यांच्या मधोमध बसतो, कमरेवर आदळत नाही. आत चौकट नाही, कुठे कोपरा नाही, त्यामुळे पाठीला काही टोचत नाही. वीण भाराबरोबर जराशी ताणली जाते आणि पाठीच्या आकाराची होते. दोन्ही हात मोकळे राहतात. ज्या मुलखात घरात शिरायला खाचा पाडलेल्या एका ओंडक्यावरून चढावं लागायचं, नाले ओलांडावे लागतात, एका हातात कोयता धरून वाट काढावी लागते, तिथे हात मोकळे असणं ही चैन नसते.

मग इतर टोपल्यांचे आकारही उलगडायला लागले. लाकूडफाटा आणि शिकार वाहायची सेलाबित जाड वेताची, ताठ आणि उघड्या विणीची असते. तिच्यातून रक्त, पाणी, माती खाली गळून जावं आणि ओझं कमीजास्त असेल तशी ती आवळता किंवा सैल करता यावी, हे त्या विणीमागचं कारण. इबान लोकांची लांजी उंच, वर रुंद होत जाणारी. कापणीच्या दिवसांत शेतातून भाताच्या लोंब्या आणायला तीच लागते. बिदायुह बायका टोपलीला झाडाच्या सालीचा पट्टा लावतात आणि तो कपाळावर घेऊन डोंगर चढतात. समुद्रापलीकडे, फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या कोर्डिलेरा डोंगरात, इफुगाव आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची पासिकिंग असते, तीही पाठीवरचीच. तिचा एक प्रकार बाहेरून लोंबत्या धाग्यांनी मढवलेला असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो केसाळ जनावरासारखा वाटतो, पण ते पावसाचं आच्छादन आहे. धाग्यांवरून पाणी ओघळून जातं आणि आतलं अन्न कोरडं राहतं.

म्हणून टोपली हातात घेतली की पहिला प्रश्न असा विचारा : हिच्यातून काय वाहायचं आणि कुठल्या वाटेने? विकणाऱ्याला उत्तर देता आलं तर ती टोपली कामाची. पट्टे नुसते शोभेला लावलेले असतील तर ते ओढून बघितल्याबरोबर कळतं.

२. वेत म्हणजे बांबू नव्हे

हे सांगायला संकोच वाटतो, पण चांगली शिकलेली माणसंही गल्लत करतात. बांबू गवताच्या कुळातला आणि पोकळ. वेत हा माड-पोफळीच्या कुळातला वेल आणि आतून भरीव. आपल्या सह्याद्रीतही तो आहे. कोकणात आणि गोव्यात ज्यांनी रानात वेताच्या जाळीत सदरा फाडून घेतला असेल त्यांना त्याचे काटे वेगळे सांगायला नकोत. आग्नेय आशियातल्या काही जाती मात्र झाडांच्या शेंड्यांवरून पसरत शंभर मीटरच्याही पुढे जातात.

टोपलीसाठी महत्त्वाची ती वेताची साल. ती गुळगुळीत, चकचकीत, कडक असते, पाणी सहज पीत नाही. आतला गाभा भुसभुशीत आणि पिठूळ. किडे लागतात ते गाभ्याला. चांगल्या आंजातमध्ये गाभा जवळजवळ सगळा काढून टाकलेला असतो, उरते ती पातळ साल. टोपलीच्या आत हात घालून पाहा. बाहेरची बाजू तुळतुळीत आणि आतली किंचित खरखरीत, पण कुठेही कुसळ लागत नाही, अशी असेल तर विणणाऱ्या हाताने आपलं काम नीट केलंय.

३. विणकामाच्या आधीचं काम

टोपली विणायला किती दिवस लागतात, हा प्रश्न मीही विचारला होता. आजींनी उत्तर न देता मला दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर आणि सुनेबरोबर रानात पाठवलं.

वेताच्या पानांच्या टोकांना, किंवा काही जातींत देठाच्या बगलेतून, लांब तंतू निघतात आणि त्यांवर उलटे आकडे असतात. त्यांच्या आधाराने वेल झाडावर चढते. खालून बुंधा कापला तरी ती खाली पडत नाही. वर फांद्यांत तिने स्वतःला शेकडो ठिकाणी अडकवून घेतलेलं असतं. मग दोघा-तिघांनी मिळून ओढायचं, थांबायचं, जागा बदलायची, पुन्हा ओढायचं. वरून वाळक्या फांद्या येतात, मुंग्या येतात. एखादी वेल इतकी गुंतलेली असते की घाम गाळूनही ती सोडून द्यावी लागते. जेवढी खाली आली तिच्यावरचं काटेरी आवरण कोयत्याने सोलायचं. शेंड्याकडचा कोवळा भाग टोपलीला चालत नाही, तो भाजीला जातो. चवीला कडवट, पण भाताबरोबर छान लागतो. उरलेल्याचे तुकडे, मोळी, मोळी खांद्यावर, मग होडीत.

घरी आल्यावर गाठी तासायच्या, धुवायचं, वाळवायचं. मग चिरणं. पहिली चीर सुरीने द्यायची आणि पुढे दोन्ही फाळ दोन हातांनी ओढत न्यायचे. एक बाजू जाड व्हायला लागली की त्याच बाजूला जरा वाकवून चीर मध्यावर आणायची. एका वेताच्या दोन, चार, आठ पट्ट्या होतात. त्यांच्या आतला गाभा सुरी सपाट धरून काढायचा. शेवटी लाकडाच्या ठोकळ्यात दोन धारदार पाती जवळजवळ उभी रोवलेली असतात, त्यांच्या मधून प्रत्येक पट्टी ओढायची. मग पाती आणखी जवळ आणायची आणि पुन्हा ओढायची. सगळ्या पट्ट्यांची रुंदी सारखी व्हायला हवी, कारण एक जरी फुगीर राहिली तरी नक्षी तिथे वाकडी होते.

आजी हे काम बोलत बोलत करायच्या. नजर पट्टीवर नसायचीच. अंगठा आणि तर्जनीमधून पट्टी सरकत जायची, कुठेतरी बोटं थबकायची आणि ती पट्टी परत सुरीखाली यायची. मी तासलेल्या पट्ट्यांपैकी बऱ्याच त्यांनी शांतपणे वेगळ्या ढिगात टाकल्या. ‘या जाड आहेत, पण मजबूत आहेत. यांचे पट्टे होतील.’ काही फुकट जात नव्हतं.

इतकं झाल्यावर विणायला बसायचं. एका मध्यम आंजातचे कित्येक दिवस असे विणण्याआधीच गेलेले असतात. किंमत विचारताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

४. काळा रंग ओल्या रुमालाने तपासा

जुन्या पद्धतीत पट्ट्या रानातल्या ठरावीक झाडांच्या पाल्याबरोबर उकळतात आणि मग लोहाचा अंश असलेल्या चिखलात पुरून ठेवतात. पाल्यातलं तुरट द्रव्य आणि चिखलातलं लोह यांचा मेळ होऊन काळा रंग सालीत मुरतो. मनासारखा गडद होईपर्यंत उकळणं आणि पुरणं पुन्हा पुन्हा चालतं. असा काळा वर्षांनुवर्षं टिकतो. तांबडा रंग वेताच्याच काही जातींच्या फळांवरच्या राळेपासून काढत. तिला जेर्नांग म्हणतात. ती महाग आहे, औषधाच्या व्यापारातही तिला मागणी असते, त्यामुळे आता टोपलीवर क्वचित दिसते.

आज पुष्कळ ठिकाणी तयार रासायनिक रंग वापरतात. त्यात पाप नाही. फक्त तो पक्का आहे ना, हे पांढरा रुमाल ओला करून घासून बघा. रुमाल काळा झाला तर ती पिशवी पावसात अंगावरचे कपडे रंगवेल.

५. नक्षी मोजणीत असते, गोष्टीत नसते

कागदावर काढलेला आराखडा मी कुठल्याही विणणाऱ्या बाईकडे पाहिला नाही. दोन पट्ट्यांवरून, तिनांखालून, मग एकावरून असा हिशेब डोक्यात चाललेला असतो, आणि काळ्या व पिवळ्या पट्ट्यांच्या त्या वरखाली जाण्यातून तिरप्या रेघा, चौकटी, नागमोडी वळणं उमटतात. तळापासून सुरुवात होते. तिथे एक पट्टी चुकली तर चूक काठापर्यंत चढत जाते आणि उसवण्याखेरीज इलाज नसतो. म्हणून तळ विणताना घरातलं कोणी आजींशी बोलत नसे.

नक्ष्यांना नावं असतात आणि ती साधी असतात. बांबूचा कोंब, नेच्याचं वळलेलं टोक, अशी रोजच्या नजरेतली. पर्यटकांच्या दुकानांत मात्र प्रत्येक त्रिकोणाला एक आत्मा आणि प्रत्येक रेघेला एक दंतकथा चिकटवलेली सापडते. विणणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणते, ही माझ्या आईची नक्षी. मला ते उत्तर पुरतं.

याचा अर्थ नक्षीला वजन नसतं असा नव्हे. केन्या आणि कायान समाजात पूर्वी उच्चनीच स्तर काटेकोर होते, आणि काही आकृत्या फक्त वरच्या घराण्यांच्या. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते ‘बा’वर, म्हणजे तान्ह्या मुलाला पाठीवर घ्यायच्या लाकडाच्या किंवा वेताच्या बैठकीवर. तिच्यावर मण्यांचं काम असतं. अख्खी मानवाकृती सरदार घराण्यातल्या बाळालाच चालायची, सामान्यांच्या घरी साध्या आकृत्या. असा जुना बा बघायचा असेल तर कुचिंगला जा. तिथलं सारावाक संग्रहालय १८९१ पासूनच्या इमारतीत आहे, आणि २०२२ साली शेजारीच बोर्निओ संस्कृती संग्रहालयाची मोठी नवी इमारत उघडली. बाजारात जायच्या आधी एक पूर्ण दिवस तिथे घालवा. चांगलं काम कशाला म्हणतात ते एकदा डोळ्यात बसलं की मग दुकानदाराचं बोलणं निम्मं ऐकलं तरी चालतं.

६. वेताची म्हणून मिळणारी प्रत्येक पिशवी वेताची नसते

बालीहून येणारी ती गोल, झाकणाची, कातडी पट्ट्याची पिशवी सगळ्यांनी पाहिली असेल. मुंबईच्या दुकानांतही ती ‘रतान बॅग’ म्हणून लटकलेली असते. ती बहुतेक वेळा वेताची नसते, ‘आता’ नावाच्या, वेलीसारख्या वाढणाऱ्या नेच्याची असते. बालीतलं तेंगानान हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. विणून झालं की पिशवी उन्हात वाळवतात, मग नारळाच्या सोडणांच्या धुरावर ठेवतात. तो सोनेरी तपकिरी रंग आणि नवेपणीचा धुरकट वास त्यातून येतो. उत्तम काम आहे, पाणीही बऱ्यापैकी सोसतं. नाव तेवढं खरं सांगावं.

पापुआतली नोकेन ही पिशवीही वेताची नाही, ती झाडांच्या सालीच्या किंवा पानांच्या धाग्यांची. युनेस्कोने तिला २०१२ साली तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घेतलं.

७. प्लास्टिकच्या टोपलीला नाक मुरडू नका

मिरीच्या बाजारात रंगीबेरंगी प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या टोपल्या ढिगाने असतात. खोक्यांना आवळायला वापरतात त्याच पट्ट्या. वीण मात्र अस्सल, तीच मोजणी, त्याच तिरप्या रेघा. बाहेरून आलेली मंडळी त्या बघून हळहळतात, परंपरा बुडाली म्हणतात आणि पुढे जातात. त्या कोण विणतं आणि का, हे त्यांनी विचारायला हवं.

पुष्कळशा पेनान बायकांनी विणलेल्या असतात. पेनान हे मुळात रानात फिरणारे लोक. रानसाबुदाण्याच्या ताडावर त्यांचं पोट. त्या ताडाच्या खोडाचा भुगा ते वेताच्या उघड्या विणीच्या चटईवर पायांनी तुडवतात, वरून पाणी ओततात, आणि पाण्याबरोबर उतरलेलं पीठ खाली पसरलेल्या दुसऱ्या, घट्ट विणीच्या चटईवर साचतं. पाणी ओसरून जातं, पीठ राहतं. म्हणजे वीण किती घट्ट आणि किती सैल, यावर घरचं जेवण अवलंबून. या लोकांचा हात विणकामात सगळ्यांत सरस, हे आसपासचे शेती करणारे लोकही मान्य करतात. पिढ्यान्‌पिढ्या पेनान लोकांनी आपल्या चटया आणि टोपल्या देऊन त्यांच्याकडून लोखंड, मीठ, कापड घेतलं.

मग लाकूडतोडीच्या कंपन्या रानात शिरल्या. १९८७ साली बाराम आणि लिंबांग नद्यांच्या खोऱ्यांत पेनान लोक रस्त्यांवर फांद्यांचे अडसर उभारून बायकामुलांसह त्यामागे उभे राहिले, आणि त्या वर्षी जगाला त्यांचं नाव कळलं. तोड काही थांबली नाही. झाडं गेली की वेताला चढायला आधार उरत नाही. ट्रॅक्टरखाली कोवळे वेतही चिरडले जातात. जो वेत घरामागे मिळायचा तो आता दिवसभराच्या चालीवर गेला. पुष्कळ कुटुंबं स्थिर वस्त्यांत आली. हातात कला आहे, पोराच्या शाळेसाठी पैसे हवेत आणि वेत जवळपास नाही. अशा वेळी त्या बाईने पट्ट्यांची रिळं विकत आणून वीण चालू ठेवली. मला तिच्याबद्दल आदरच वाटतो. प्लास्टिक मला आवडत नाही, हे खरंच. पण बोटांतली मोजणी एकदा विसरली गेली तर उद्या रान परत आलं तरी उपयोग नाही. ती बाजारहाटाची टोपली घ्या. भाजी, मासे, काहीही न्या, धुवा, वर्षांनुवर्षं फाटत नाही. आणि जमलं तर तिच्याच शेजारची वेताचीही एक घ्या.

८. वेत लावता येतो

सगळा वेत रानातून ओरबाडलेला, असाही समज करून घेऊ नका. सेगा ही टोपल्यांना सगळ्यांत आवडती जात झुडपासारखी बेटाने वाढते. पक्के वेत कापले की बुंध्यातून नवे फुटतात. मानाउ ही जाड, खुर्च्यांना लागणारी जात मात्र एकखोडी. ती कापली की संपली. बेटाच्या इंडोनेशियन बाजूला, कालिमंतानमध्ये, दायाक शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून वेत लावत आले आहेत. कुताई भागात भाताचं शेत एकदोन पिकांनंतर रान व्हायला सोडतात, त्याआधी त्यात वेताची रोपं लावून ठेवतात. झाडं वाढतात, त्यांवर वेत चढतो, सात-आठ वर्षांनी तोडणी सुरू होते आणि पुढे काही वर्षांच्या अंतराने चालू राहते. म्हणजे वेताचं उत्पन्नही मिळतं आणि रानही उभं राहतं. मी पाहिलेल्या शेतीत याहून शहाणी पद्धत मला आठवत नाही.

इंडोनेशियाने २०१२ च्या सुरुवातीपासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली. देशातल्या फर्निचर कारखान्यांना माल मिळावा हा हेतू. पण कच्च्या वेताला गिऱ्हाईक कमी झालं, शेतकऱ्याच्या हाती येणारा भाव पडला, आणि कित्येकांनी वेताच्या बागा मोडून तेलताड लावला. चांगल्या हेतूने काढलेला हुकूम रानातल्या माणसापर्यंत जाताना असा उलटा फिरतो. या लोकांना दानधर्म नको आहे, वेताला गिऱ्हाईक हवं आहे.

९. घासाघीस करू नका

आपल्याकडे भाव पाडून घेणं हा बाजारातला रिवाज आहे. भाजी घेताना मीही करते. इथे करू नये असं माझं ठाम मत आहे.

त्याला जुना इतिहास आहे. ब्रूक या इंग्रज घराण्याने १८४१ पासून १९४६ पर्यंत सारावाकवर राज्य केलं. त्या काळात पेनान लोकांना व्यापारी इतके लुबाडत की सरकारने नदीकाठच्या ठरलेल्या जागी, अधिकाऱ्याच्या देखत, ‘तामू’ नावाचे बाजार भरवायला सुरुवात केली. ज्या माणसाला पैशाचा हिशेब नवा आहे, ज्याला सांजेपर्यंत माल विकून दोन दिवसांच्या वाटेने परत जायचं आहे, त्याच्याशी भाव करणं ही बरोबरीची लढत नसते, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही कळत होतं.

आजही तेच आहे. गुनुंग मुलू हे राष्ट्रीय उद्यान २००० सालापासून जागतिक वारशात आहे. तिथल्या गुहांकडे होडीने जाताना वाटेत बातू बुंगान ही पेनान वस्ती लागते, आणि बायका आपलं विणकाम मांडून बसतात. होड्या थोडा वेळ थांबतात. त्या थोड्या वेळात सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर या, असं सहलीचा वाटाड्या पाहुण्यांना सांगताना मी ऐकलं आहे. तीच टोपली विमानतळावरच्या दुकानात दुपटीने विकली जाते आणि तिथे कोणी तोंड उघडत नाही, कारण किंमत छापलेली असते. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या, मनगटावरचं विणलेलं कडं घ्या, किंवा काहीच घेऊ नका.

१०. दात, नखं, पिसं लावलेलं काही घेऊ नका

जुन्या ‘बा’वर किंवा टोपल्यांवर अस्वलाचे दात, धनेशाची पिसं असतात. ज्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांच्यापाशी ते शोभतात. बोर्निओतलं अस्वल आणि शिरस्त्राणधारी धनेश दोघेही आंतरराष्ट्रीय व्यापाराला पूर्ण बंदी असलेल्या यादीत आहेत. जुनं आहे, चालतं, असं विकणारा म्हणाला तरी नाही म्हणा.

११. घरी आणल्यावर

बोर्निओत हवा बारा महिने ओलसर. तिथे भीती बुरशीची, म्हणून टोपल्या चुलीच्या वर टांगतात. धूर लागतो, किडा लागत नाही, रंगही हळूहळू मधाळ होतो. पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात अडचण उलटी. हवा इतकी कोरडी होते की साल ठिसूळ होऊन वळणावर तडकते. एसीच्या झोतासमोर तर ठेवूच नये. मार्च ते मे या महिन्यांत मी पंधरा दिवसांनी एकदा ओलं फडकं पिळून टोपली आतून-बाहेरून पुसते आणि सावलीत वाळवते. तेल, पॉलिश, वॉर्निश काही लावत नाही. तेलावर धूळ बसते आणि वॉर्निशमुळे वीण ताठ होते. पावसाळ्यात बंद कपाटात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायची नाही. रिकामी ठेवायची तर आत जुनी सुती साडी भरायची, म्हणजे ती चेपत नाही. बारीक पिठासारखी धूळ खाली पडलेली दिसली तर गाभ्याला भुंगा लागला समजा. ती टोपली इतरांपासून वेगळी करा, कडक ऊन दाखवा, दुखरी पट्टी बदलून घ्या.

बदलून देणारी माणसं आपल्याकडे आहेत. माझ्या एका सेलाबितचा काठ उसवला तेव्हा मी ती पुण्याच्या बुरूड आळीत नेली. तिथल्या वयस्कर कारागिराने ती हातात घेतल्याबरोबर उलटी केली आणि आधी तळ पाहिला. बोर्निओ कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते इतकंच, ‘किती भार न्यायचे हिच्यातून?’ मग काठ असा बांधून दिला की जुना कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

आणि वापरा. भिंतीवर टांगलेली आंजात वाळून मरते. माझी मी मंडईत नेते, गावाला जाताना मुलीच्या पाठीवर असते. भार लागतो, हात लागतो, तेव्हाच वीण मऊ राहते.

१२. आत एक चिठ्ठी ठेवा

जगभरच्या संग्रहालयांत बोर्निओच्या हजारो टोपल्या आहेत. अधिकारी, मिशनरी, प्रवासी यांनी त्या नेल्या. पुष्कळांच्या नोंदीत नेणाऱ्याचं नाव आहे, वर्ष आहे, आणि विणणारीचं नाव नाही. कधी गावाचंही नाही, नुसतं बेटाचं. बर्नार्ड सेलातो यांनी बोर्निओच्या विणकामावर जाणकारांकडून लेख लिहवून घेऊन २०१२ साली मोठा ग्रंथ काढला. तो चाळताना कुठली वीण कुठल्या नदीवरची हे ठरवायला अभ्यासकांना किती कष्ट पडतात ते दिसतं. विकत घेताना कोणी एक ओळ लिहून ठेवली असती तर हे कष्ट वाचले असते.

तेल कंपन्यांच्या, जहाजांच्या, बागायतीच्या नोकऱ्यांमुळे मलेशिया-इंडोनेशियात राहून आलेली मराठी कुटुंबं आज पुणे, मुंबई, नागपूर, पणजी सगळीकडे आहेत, आणि त्यांच्या माळ्यांवर अशा टोपल्या पडून आहेत. तुमच्या घरी एखादी असेल तर ती आज खाली काढा. कुठल्या गावात, कोणत्या साली, कोणाच्या हातून घेतली, तेव्हा ती कशासाठी वापरत होते, जे आठवेल ते साध्या कागदावर शाईने लिहा, आणि ती चिठ्ठी टोपलीच्या तळाशी ठेवून द्या. घरातलं जे मोठं माणूस हे सांगू शकेल, त्याला या आठवड्यातच विचारा.